उजनीचा हिरवा रंग एकट्या पुण्याचा नाही

माननीय संपादक,

उजनी धरणाचे पाणी हिरवे झाले, नळाला वास येऊ लागला, की आपल्या सोलापुरात सगळ्यांची बोटे पुण्याकडे वळतात. ती उगाच वळत नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवाटे भीमेत आणि तिथून यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात येते, हे शेंबडे पोरही सांगेल. पण दौंडच्या खाली, इंदापूर आणि करमाळ्याच्या काठांवर काय चालते, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की गाळपेर, म्हणजे धरणाच्या पोटातली गाळाची जमीन उघडी पडते. तिथे मका, कडवळ, काही ठिकाणी चक्क ऊस. बांधावर युरिया आणि डीएपीची रिकामी पोती, वरून पाण्यात सोडलेले मोटारींचे काळे पाइप. जुलै-ऑगस्टमध्ये धरण चढते आणि हेच रान खतासकट पाण्याखाली जाते. युरियातला नत्र विरघळून जातो. डीएपीतला स्फुरद (फॉस्फरस) मात्र मातीला चिकटून राहतो आणि तळाशी प्राणवायू संपला की त्या गाळातून पुन्हा पाण्यात उतरतो. शेवाळाला आणि जलपर्णीला आणखी काय हवे?

त्यात उजनीची घडणच अशी, की सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कालव्यात जातच नाही. १९८० पासून आलेला गाळ बराचसा तिथेच बसला आहे. वर मावळ-मुळशीत डोंगर फोडून प्लॉट पाडले जातात, ती मातीही शेवटी खालीच येणार.

धरणात जमिनी गेलेल्यांकडून गाळपेर काढून घ्या, असे मी म्हणत नाही; त्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे. पण गाळपेराच्या परवान्यात रासायनिक खत न टाकण्याची अट घालता येईल. मूग, मटकी, चवळी घ्यायला सांगता येईल. नव्या गाळाच्या रानाला नाहीतरी वरखताची फारशी गरज नसते. पूररेषेलगत गवताचा रुंद पट्टा राखला, तर वरच्या उसातून वाहून येणारी माती बरीचशी तिथेच अडेल. पुण्याच्या सांडपाणी प्रकल्पांचा पाठपुरावा आपल्या लोकप्रतिनिधींनी जरूर करावा. गाळपेराचा निर्णय मात्र कालवा सल्लागार समितीच्या येत्या बैठकीत मांडायला त्यांना पुण्याची वाट पाहावी लागणार नाही.

– एक वाचक, जुळे सोलापूर