शुभे, तुझं नाव

शुभे,

तीन महिने तुझा फोन उचलला नाही, मेसेजला नुसते अंगठे पाठवले. तू चिडली असशील, आणि चिडायलाच पाहिजेस. तब्येत बरी आहे. मॅमोग्राफी क्लिअर आली, लेट्रोझोल (स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, बाकी काय नाही.

आता खरं सांगतो. दिवाळीनंतर रंकाळ्यावर पदपथ उद्यानात फिरताना तळ्याकाठच्या आपल्या जाऊबाई भेटल्या (त्याच, जिलेबीवाल्या), म्हणाल्या ती तुझी मैत्रीण पुण्याला असते ना, काय गं तिचं नाव? आणि मला येईना. तुझा चेहरा डोळ्यासमोर, तुझी दोन वेण्यांची लाल रिबीन डोळ्यासमोर, तू आईला भरवायचीस तो चमचा सुद्धा दिसला, पण नाव नाही. मी म्हणालो, 'अहो तीच की', आणि घाईत निघून आलो. घरी येऊन फोन उघडून नाव वाचलं आणि रडलो. त्यानंतर तुझ्याशी बोलायचं धाडसच झालं नाही बघ.

तुला एकटीलाच कळेल म्हणून लिहितोय. आईचं असंच सुरू झालेलं. आधी भाजीची नावं, मग माणसांची, शेवटी मला 'बाई, तुम्ही कुठल्या?' असं विचारायची. तेव्हा तू तिच्या उशाला होतीस, मी नव्हतो, त्यावरनं आपण भांडलो पण होतो. ते भांडण आता उकरत नाही. पण रात्री दोनला डोक्यात तेच येतं, की आता माझा नंबर.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, किमोनंतर होतं असं, जाईल हळूहळू. एवढंच, आणि पुढचा पेशंट आत. अरे पण कधी जाईल, आणि मी तोवर काय करू? मग त्या फिजिओवाल्या ताईंनी नीट बसवून सांगितलं. याला किमो ब्रेन म्हणतात, शब्द अडतो, लक्ष टिकत नाही, दोन कामं एकदम जमत नाहीत. झोप मोडली, थकवा आला की आणखी वाढतं, आणि आईच्या आजारापेक्षा हे वेगळं आहे. हात कानापर्यंत न्यायला मी त्यांच्याकडे जातच होतो, त्यांनी मला त्यांच्या हळू हालचालीच्या वर्गात घातलं. चिगाँग म्हणतात, चीनचं आहे. नावाला हसू नकोस, तू झुंबाच्या वर्गात पाय मुरगळून घेतलास ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

करायचं काय, तर उभं राहायचं, श्वास घेताना हात पाण्यातनं वर आणल्यासारखे हळू वर, सोडताना खाली. मग भार डाव्या पायावरनं उजव्यावर, अगदी सावकाश. किमोनं माझे तळवे बधीर झालेत ना, आधी जमीन कळायचीच नाही, आता टाच टेकल्याचं थोडं कळतं. आणि गंमत म्हणजे क्रम आठवायचा प्रयत्न केला की चुकतो, श्वासाकडं लक्ष ठेवलं की पाय आपोआप जातात. परवा असंच भार बदलताना एकदम लेझीमचं 'चार आवाज' पायात आलं, नववीतल्या १५ ऑगस्टचं. शुभे, पुढच्या रांगेत पाऊल तू चुकली होतीस, मी नाही. माझ्या पायाला पक्कं आठवतंय.

ताईंकडनं दोन अभ्यास कळले, ते तुला सांगतोच, तुला आकडे लागतात. अमेरिकेत ओहायोत 200 बायकांवर चाचणी झाली, कॅन्सरमधनं बऱ्या झालेल्या, एका गटाला 12 आठवडे, आठवड्यातनं 2 वेळा हठयोग, दुसऱ्या गटाला तोवर थांबायला सांगितलं. वर्ग संपला तेव्हा विसरण्याच्या तक्रारीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, पण त्यानंतर 3 महिन्यांनी योगवाल्यांच्या तक्रारी दुसऱ्या गटापेक्षा 23 टक्क्यांनी कमी. म्हणजे फरक उशिरा पडतो! माझा आता नववा आठवडा आहे, म्हणून मी हे धरून बसलोय. अर्थात त्या बायकांनी स्वतः सांगितलेलं हे, म्हणून अगदी छातीठोकपणे नाही सांगत. दुसरा अभ्यास ॲरिझोनातला, 87 बायका. एका गटाला चिगाँग, दुसऱ्या गटाला तशाच साध्या हालचाली, पण श्वास आणि ध्यान नाही. थकवा चिगाँगवाल्यांचाच जास्त कमी झाला, झोप आणि मनाचं मात्र दोघांचंही सुधारलं. म्हणजे नुसतं हलणंही वाया जात नाही. मला ते बरं वाटलं.

मनाचं म्हणशील तर आता रात्री दोनला जाग आली तरी तो श्वास मोजतो, कधी परत झोप लागते, कधी नाही. वर्गात कुणी 'आता कसं वाटतंय' विचारत नाही, विग पण कुणी बघत नाही. आम्ही सहाजणी गप उभ्या असतो. तिथं पहिल्यांदा मला माझ्या या अंगाची भीती वाटली नाही.

तुझं काय चाललंय? सूनबाई सातव्या महिन्यात ना? काळजी घे म्हणावं. तुझ्या घराचा सौदा झाला का? आणि 'मी जाते, मी करते' बोलायला लागलीस पुण्याला जाऊन, ते अजून मला आवडत नाही, इथं आलीस की 'जातो' म्हणायचं.

रविवारी संध्याकाळी फोन कर. मी बोलता बोलता अडलो तर तू शब्द पुरवू नकोस, आईला पुरवायचीस तसा. जरा थांब. येईल मला.

तुझी
सुमी