लसीकरण मोहिमेसाठी शीतपेट्या हव्यात, माणसंही हवीत

पावसाळ्याआधी गायी-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाची मोहीम आपलं पशुपालक मंडळ हाती घेत आहे. लस मिळणार आहे, टोचायला पशुवैद्यकही येणार आहेत. अडतं आहे ते लस धडपणे गोठ्यापर्यंत पोचवण्यात.

सगळ्या लसी एकाच जातीच्या नसतात. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसींमध्ये साधारणपणे रोगाचे मारलेले जंतू असतात. त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि गोठल्या की वाया जातात. बर्फात गाडली म्हणजे लस सुरक्षित, हा समज इथे घात करतो. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगावरील लसीत मात्र क्षीण केलेला, पण जिवंत विषाणू असतो. तो उष्णतेने मरतो आणि बाटलीकडे बघून काहीच कळत नाही. द्रावकात मिसळलेली ही लस थंड ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते. सांसर्गिक गर्भपाताची एस-१९ लसही जिवंत जंतूंची. ती ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांनाच, एकदाच देतात. तिची सुई चुकून माणसाला टोचली किंवा थेंब डोळ्यांत उडाला, तर टोचणाराच आजारी पडू शकतो. हातमोजे आणि चष्मे आम्ही हौसेने मागत नाही.

लसीने काय फरक पडतो, असं अजूनही काही जण विचारतात. बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, त्यात मोठा वाटा लसीचाच होता.

तर आम्हाला हवं आहे: शीतपेट्या, बर्फाच्या पिशव्या, तापमापक, प्रत्येक जनावराला वेगळी वापरता येतील इतक्या सुया. वीज गेली तरी फ्रीज चालू राहील अशी सोय कुणी देऊ शकलं, तर निम्मी काळजी मिटेल. वस्तू नाही जमली तर पैसे द्या. पावती मिळेल, हिशेब बैठकीत मांडू. आणि जनावरं धरायला माणसं हवीत. खरी टंचाई तिथेच आहे.

लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. साथ शिरल्यावर धावपळ करून उपयोग नाही, म्हणून मदत आत्ताच कळवा. जनावर आजारी किंवा गाभण असेल तर टोचण्याआधी पशुवैद्यकाला सांगा, लपवू नका.

– पशुपालक मंडळ