हात वर केलात, त्याबद्दल

आदरणीय आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाईलवर येईल आणि ती तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल, असं धरून लिहितोय. नाव घालू नकोस म्हणालात, घातलेलं नाही. पण सांगलीच्या गावभागात, नाटकात विंगेतून नटांना विसरलेला शब्द देणारे प्रॉम्प्टर आजोबा म्हटल्यावर कळायचं त्यांना कळणारच, त्याला माझा इलाज नाही.

प्रॉम्प्टरवरचा माझा एम. ए.चा प्रकल्प सादर झाला. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षाही झाली. गुणांचं भेटल्यावर सांगतो, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल, कारण ते तोंडानं सांगायला गेलो तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

निवडणुकीचे दिवस होते. मी तासगावहून एसटीनं आलो, पत्ता विचारत विचारत तुमच्या दारात पोचलो आणि आजींनी दार उघडलं. रस्ताभर वाक्य घोकलं होतं : प्रॉम्प्टर आजोबा इथेच राहतात का? पण ‘प’वरच गाडी अडली. प... प... आजी म्हणाल्या, “प्रचाराला आलायस का? आमचं ठरलंय बाबा.” मी मान हलवली. “प्रवचनाची पावती?” परत मान. “प्रोफेसरनी पाठवलंय का?” त्यांचं काही चुकलं नाही, माझी आईही अजून असंच करते. मायेनंच करते. पण समोरचा माणूस एकामागून एक शब्द पुढे करायला लागला की माझा खरा शब्द आणखी आत जाऊन बसतो, हे ज्याची जीभ अडते त्यालाच कळतं.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर तुम्ही आलात. काही बोलला नाहीत. आजींकडे न बघता फक्त उजवा हात खांद्याइतका वर केलात, तळहात त्यांच्याकडे. थांब, अशा अर्थाचा. आणि माझ्याकडे बघत उभे राहिलात. चेहऱ्यावर कीव नव्हती, घाई नव्हती. कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी झाली. मग मी म्हणालो, “प्रॉम्प्टर.”

“हो, मीच तो. ये, बस की.”

बस्स, एवढंच झालं. माझं वय तेवीस. तेवीस वर्षांत माझ्यासाठी असा हात कुणी वर केला नव्हता.

हा विषय मी का घेतला, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. सातवीत गॅदरिंगच्या नाटकात मला काम हवं होतं. तेव्हाचे सर म्हणाले, “तू पडदा ओढ.” ओढला. तिथे विंगेत वही घेऊन बसलेल्या मुलीकडे बघत मी अख्खं नाटक काढलं. स्टेजवर टाळ्या पडत होत्या आणि ही खाली मान घालून दुसऱ्यांचे शब्द पुटपुटत होती. एम. ए.ला चार क्रेडिटचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा म्हटल्यावर मला तीच आठवली. प्रॉम्प्टर, प्रकल्प, प्रस्तावना, प्रश्नावली, प्राध्यापक. माझ्यासारख्यानं स्वतःहून निवडावा असा हा विषय नव्हे, हे मान्य.

मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, भावे घे, देवल घे, खाडिलकर घे. सांगलीचा आहेस, संदर्भ तयार आहेत, महिन्यात उरकेल. हे तिन्ही नाटककार मोठे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे तेवढी तीन नावं घेतली की नाट्यपंढरीचं कर्ज फिटलं असं धरतात. एका हौशी संस्थेचे पदाधिकारी मला म्हणाले, “प्रॉम्प्टरवर काय लिहिणार? दोन पानं होतील.” हेच गृहस्थ 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्या भाषणात, ‘पडद्यामागचा प्रत्येक हात’ वगैरे म्हणाले होते. मी खालीच बसलो होतो. चाळीस प्रश्नावल्या वाटल्या, भरून परत आल्या तीन. त्यातली एक तुमची, आणि तीही पेन्सिलीनं. का, तर “खोडून दुसऱ्याला देता येईल, कागद वाया कशाला?”

आणि ते मधलं सादरीकरण. समितीतले एक सर माझं प्रत्येक वाक्य पूर्ण करत होते. मी ‘संहिता’ म्हणायला जावं तर ते ‘संगीत’ म्हणत. शेवटी त्यांनीच माझं एक वाक्य भलतीकडे नेऊन पुरं केलं आणि मग त्याच वाक्यावर हरकत घेतली. हरकतीची नोंद माझ्या नावावर झाली. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि विषय बदलायचा अर्ज लिहिला. तो अर्ज अजून माझ्या बॅगेत आहे. दिला नाही, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि गुरुवारी मी तुमच्याकडे यायचो.

त्या गुरुवारी तुम्ही भडंग पुढे ठेवून मला शिकवलंत ते मी प्रकल्पात जसंच्या तसं घातलंय. पहिला शब्द द्यायचा, वाक्य द्यायचं नाही. वाक्य दिलं तर नट आपलं ऐकत बसतो आणि प्रेक्षक त्याचं तोंड बघत बसतात. आवाज नटाच्या कानापर्यंत जावा, पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावायचा. खोकला आला तर उपरणं तोंडात कोंबायचं. हे सगळं सोपं, म्हणालात. अवघड एकच गोष्ट, समोरचा विसरलाय की त्यानं पॉज घेतलाय हे ओळखणं. पॉजमध्ये शब्द टाकला तर नटाचं सगळं कमावलेलं पाण्यात जातं.

मी विचारलं, ओळखायचं कसं?

“डोळ्यांवरून. विसरलेल्याचे डोळे विंगेकडे येतात. पॉज घेतलेल्याचे समोरच्या पात्रावर असतात.”

मी वही मिटली. पहिल्या दिवशी दारात माझे डोळे कुठे होते, ते मला विचारायचं होतं. तुम्ही न विचारताच सांगितलंत, “तुझे माझ्यावर होते. शब्द तुझ्याजवळ होता की.”

त्याच दिवशी मी तुम्हाला माझा मोठा शोध सांगितला होता. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंग ओळखून आपल्या मनानं बोलायची. पाठ करायचे संवादच नाहीत, तर विसरणार काय? पुढे नाटकं लिहून होऊ लागली, नटांना आपापल्या नकला, म्हणजे आपल्या वाट्याचे संवाद उतरवलेले कागद, मिळू लागले आणि मग विसरणं सुरू झालं. तुम्ही इतके हसलात की आजी बाहेर आल्या. “म्हणजे आम्हाला कामाला लेखकांनी लावलं म्हण.” हे वाक्य मी दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घातलंय. सरांनी काढायला सांगितलं होतं, काढलं नाही.

आता त्या ट्रंकेबद्दल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 45. गावभागाचं काय झालं ते मी तुम्हाला काय सांगावं. तुमच्या तीन ट्रंकांपैकी माळ्यावरची एक तेवढी हाती लागली, तीही भिजलेली. ती तुम्ही माझ्यासमोर उघडलीत तेव्हा आत नाटकाच्या वह्या वाळलेल्या पापडासारख्या वाकड्या झाल्या होत्या. वास अजून गाळाचा होता. मी पहिली वही उघडली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पानावर संवादच नव्हते. निळी शाई पसरून नुसते ढग झाले होते. कुठे एखादा काना, कुठे वेलांटीचा शेंडा.

पण समासातल्या खुणा जशाच्या तशा होत्या. पेन्सिलीला पाण्यानं काही होत नाही. छोटा गोल म्हणजे श्वासापुरतं थांबणं, दोन उभ्या रेघा म्हणजे मोठा पॉज, त्रिकोण म्हणजे दिवा बदलतोय, बोलू नकोस. शब्द सगळे वाहून गेलेले आणि थांबायच्या जागा तेवढ्या राहिलेल्या. अशी वही मी कुठल्याही ग्रंथालयात बघितलेली नाही. (एका ग्रंथालयात तर मला दारातच विचारलं, सभासद आहात का? नाही म्हणेपर्यंत त्यांनी पुढच्या माणसाला आत घेतलं.)

मी म्हणालो, गेलं आजोबा सगळं. तुम्ही चष्मा पुसलात, वही मांडीवर घेतलीत आणि पहिल्या गोलावर बोट ठेवलंत. थोडं थांबलात. आणि संवाद म्हणायला लागलात. बोट दोन रेघांवर आलं की गप्प. मग परत सुरू. खुणांच्या अंतरावरून तुम्हाला शब्द आठवत होते. अकरा पानं आपण अशी परत मिळवली. मध्ये एका जागी तुम्ही अडलात, डोळे मिटलेत. आजींनी आतून काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि हात वर गेला. या वेळी माझा. आठवतंय?

मग तुम्ही म्हणालात, आता तू वाच, मी खाली धरतो. मी माझ्या वहीतून वाचत होतो आणि तुम्ही माझ्यासोबत पुटपुटत होता. दीड पान वाचून झालं, आजींनी चहा आणला, मी प्यालो, निघालो. माधवनगरच्या पुढे बस गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दीड पानात मी एकदाही अडलो नाही. भजनात मी अडत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्याचा आवाज सोबत असला की जीभ सुटते, हे नंतर वाचलं. बसमध्ये मला त्यातलं काही माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, का रडतोयस? मी म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलंय. तेही न अडता म्हणालो.

तुमच्यासारखी माणसं मी आता मोजायला लागलोय. आमच्या गाडीचे एक कंडक्टर आहेत, ते तिकीट कुठलं विचारतात आणि मागच्याचे पैसे घेत राहतात. मला बोलायला हवा तेवढा वेळ आपोआप मिळतो. झेरॉक्सच्या दुकानात एक ताई आहेत, त्या मी बोलत असताना मशीनचा आवाज बंद करतात. आधी कधी लक्षात आलं नव्हतं. यांच्यातल्या कुणाला विचारलं तर म्हणतील, आम्ही काय केलं? मोठं मन, माणुसकी असले शब्द भाषणात फार ऐकलेत. ही माणसं नुसती दोन क्षण थांबतात. त्यांचं त्यात काही जात नाही, पण तेवढंही न करणारे मी चार सेमिस्टर बघितले.

व्हायवाचं मात्र सांगतो. माझी वाक्यं पूर्ण करणारे तेच सर होते. मी ‘प्रॉम्प्टरच्या पेन्सिलखुणा’ म्हणायला गेलो, ‘प्र’वर थांबलो, आणि त्यांनी तोंड उघडलं. मी हात वर केला. तुमच्यासारखाच, खांद्याइतका. डोळे त्यांच्यावर ठेवून. त्यांना बहुतेक वाटलं मला पाणी हवंय. शिपाईमामांनी पाणी आणून दिलं. मी प्यायलो, ग्लास ठेवला आणि वाक्य पूर्ण केलं. माझं मी.

प्रकल्पाची बांधून आलेली प्रत घेऊन गुरुवारी येतोय. अकरा पानं शेवटी जोडली आहेत, खुणांसकट. समास मुद्दाम दुप्पट सोडलाय. सातव्या पानावर दोन रेघा एक ओळ अलीकडे पडल्यात असा मला संशय आहे, तेवढं बघा.

येताना घरचे बेदाणे आणतो. आजींना सांगून ठेवा, प्रचारवाला पोरगा येतोय.

तुमचा,
गुरुवारचा पोरगा