संरक्षक औषधांविषयीही रुग्णाला सांगावे

महोदय,

कर्करोगाच्या उपचारांविषयी लिहिताना गाठ किती आटली याची चर्चा भरपूर होते. मात्र त्याच उपचारांच्या माऱ्यातून निरोगी अवयव जपणाऱ्या औषधांचा उल्लेख क्वचितच आढळतो. आयफॉस्फामाइड या कर्करोगविरोधी औषधाचे शरीरात विघटन होताना अ‍ॅक्रोलीन हे दाहक द्रव्य तयार होते आणि ते मूत्राशयाच्या अस्तराला इजा करून रक्तस्राव घडवू शकते. सोबत दिलेले मेस्ना त्या द्रव्याला मूत्रातच बांधून निष्प्रभ करते. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधापासून हृदयाला जपण्यासाठी डेक्सराझोक्सेन आहे.

सिस्प्लॅटिन या कर्करोगविरोधी औषधामुळे लहान मुलांना येणाऱ्या बहिरेपणाचा धोका कमी करण्यासाठी, रोग शरीरात इतरत्र पसरलेला नसेल अशा गाठींच्या उपचारात, सोडियम थायोसल्फेट वापरण्यास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते सिस्प्लॅटिन दिल्यानंतर सहा तासांनी द्यायचे असते, कारण घाई केल्यास मूळ औषधाचाच प्रभाव घटण्याची भीती असते. निरोगी पेशींना दिलेली ढाल कर्करोगाच्या पेशींच्याही हाती पडू नये, ही या साऱ्या औषधांमागची खरी (आणि माझ्या मते सर्वांत कुतूहलाची) अडचण आहे.

अ‍ॅमिफॉस्टिनसारख्या संरक्षक औषधाने रक्तदाब उतरतो, उलट्या होतात. त्यामुळे ही औषधे सरसकट सर्वांना द्यावीत असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही संमतिपत्रावर संभाव्य दुष्परिणामांची यादी देताना, त्यांपैकी कोणता कशाने टाळता येईल आणि या रुग्णाच्या बाबतीत तो उपाय का योजला किंवा का टाळला, हे डॉक्टरांनी तेथेच दोन ओळींत नोंदवावे, ही विनंती.

– एक वाचक