किनाऱ्याचे पदव्युत्तर शिक्षण किनाऱ्यावरच मिळावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वेंगुर्ले तालुक्यात तीस वर्षे भूगोल शिकवून मी निवृत्त झालो. माझी एक विद्यार्थिनी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. तिच्या घरी तीन पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत आल्या आहेत. किनाऱ्याचे रक्षण आणि किनाऱ्यावरची उपजीविका या दोहोंचा एकत्र विचार करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम कोठे आहे, असे तिने मला विचारले, तेव्हा मला तिला धड उत्तर देता आले नाही, आणि तीच खंत या पत्रामागे आहे.

संस्था आपल्याकडे नाहीत असे नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 पासून उभी आहे, गोव्यातील दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे आणि गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवले जाते. या सर्वांचे काम मोठेच आहे. परंतु मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गासाठी सर्वसाधारणपणे पदवीही मत्स्यविज्ञानाचीच लागते, समुद्रविज्ञानाचा भर पाणी, गाळ आणि सूक्ष्मजीव यांवर राहतो, आणि किनाऱ्याचा कायदा शिकायचा तर विधी महाविद्यालयाचे दार ठोठवावे लागते. समुद्र मात्र असे विभाग पाडून वागत नाही.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचेच पाहा. लाटांनी किनारा कापला की लोक बंधारा मागतात, आणि माड मुळासकट पडताना पाहिलेल्या माणसाने तो मागणे स्वाभाविक आहे. पण किनाऱ्याला समांतर चालणारा प्रवाह वाळू सतत एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे नेत असतो. ही वाहती वाळू दगडांनी अडवली, तर शेजारच्या किनाऱ्याला तिचा पुरवठा कमी पडतो आणि धूप तिकडे सरकते. बंधाऱ्यापुढचा पुळणीचा, म्हणजे वाळूचा, पट्टाही लाटा परत फिरताना खरवडून काढतात. तो पट्टा गेला, म्हणजे रापण ओढायला जागा गेली, होड्या ओढून ठेवण्याची जागा गेली आणि कासवांची अंडी घालण्याची जागाही गेली. हा प्रश्न अभियंत्याचा, जीवशास्त्रज्ञाचा की रापणकारांचा? तिघांनाही समजेल अशा भाषेत तो मांडू शकणारा माणूस आज सहसा सापडत नाही, कारण तसा माणूस आपण घडवतच नाही.

कायद्याची गत तशीच. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना 1991, 2011 आणि 2019 अशा तीनदा आल्या. शेवटच्या अधिसूचनेने, 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात बांधकामास मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून 50 मीटरवर आणला. इतर ग्रामीण भागात तो 200 मीटर राहिला. आपले गाव कोणत्या गटात येते आणि भरतीरेषा नकाशावर कशी आखली आहे, हे ग्रामसभेत समजावून सांगायला कोणी तज्ज्ञ आलेला मी आजवर पाहिलेला नाही. माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये हंगामाची मर्यादा घातली, तिच्यामागे डॉ. सोमवंशी समितीचा अभ्यास होता. असा अभ्यास खाडीखाडीला व्हायला हवा, एखाद्या समितीपुरता तो राहू नये.

म्हणून माझी विद्यापीठांना आणि उच्च शिक्षण विभागाला विनंती आहे की, किनारी शाश्वततेचा दोन वर्षांचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात सुरू करावा. प्रवेश विज्ञानाबरोबरच कला, वाणिज्य व विधी शाखेच्या पदवीधरांनाही असावा आणि मच्छीमार कुटुंबांतील मुलांसाठी काही जागा राखाव्यात. दुसऱ्या वर्षातील निदान एक पूर्ण हंगाम, पावसाळा धरून, विद्यार्थ्याने एकाच गावात राहून काढावा. रापणीचा जाणता माणूस किनाऱ्यावर उभा राहून पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांवरून बांगड्याचा थवा ओळखतो. ते ज्ञान टिपून घेणे हा या शिक्षणाचाच भाग मानला जावा आणि प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा असावी, म्हणजे ज्या गावाचा अभ्यास झाला त्या गावाला तो वाचता येईल.

राज्य सरकारच्या कांदळवन (खारफुटी) प्रतिष्ठानामार्फत सागरी विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण परत आलेल्या मुलांना काम कोठे द्यायचे? किनारी जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांत, बंदर खात्यात आणि मत्स्यव्यवसाय विभागात या पदवीसाठी पदे निर्माण केल्याशिवाय आईवडील मुलांना या वाटेने धाडणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

माझी विद्यार्थिनी सध्या एका खासगी कार्यालयात हिशेब लिहिते. असा अभ्यासक्रम सुरू झाला तर पहिल्या तुकडीत अर्ज करायची तिची तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, वेंगुर्ले