जंपसीट म्हणजे वशिला नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचलं. तिथल्या एका देशांतर्गत विमानात सगळे प्रवासी बसून झाले होते. दार लावायच्या बेतात असताना गणवेशातला एक पायलट आला, कॉकपिटच्या दाराशी दोन शब्द बोलला आणि आतच जाऊन बसला. ‘तिकीट न काढता, ओळखीवर’ असं त्यांनी लिहिलं आहे, आणि ‘वशिला तिथेही चालतोच’ असा शेराही मारला आहे. त्यांनी पाहिलं ते अगदी खरं. पण दाराशी बोलल्या गेलेल्या त्या दोन शब्दांना वशिला म्हटलेलं मला फार लागलं. गेली अकरा वर्षं मी तेच दोन शब्द बोलून कामावर जातो.

मी तिथल्या एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. घर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला, बेस न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क. बेस म्हणजे जिथून माझी ड्युटी सुरू होते तो विमानतळ. तिथवर वेळेत पोहोचणं ही माझी जबाबदारी. अमेरिकेत हजारो पायलट असे राहतात एका शहरात आणि उडतात दुसऱ्या शहरातून. आमच्या कंपनीचं विमान सोयीच्या वेळी नसलं की दुसऱ्या कंपनीचं बघायचं. एकमेकांच्या पायलटांना जागा असेल तर न्यायचं, असं कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. केबिनमध्ये सीट उरली तर तिथे बसायचं, नाहीतर कॉकपिटमध्ये दोन्ही पायलटांच्या मागे घडीची खुर्ची असते तिथे. तीच जंपसीट.

त्या खुर्चीत ऐषाराम काहीही नाही. बोइंग ७३७ मध्ये ती बाजूच्या भिंतीतून आडवी ओढून उघडावी लागते. उघडली की कॉकपिटच्या दाराचा रस्ताच बंद होतो. दाराकडे पाठ, दोन पायलटांच्या मधोमध गुडघे, खांद्यावरून येणारे पट्टे, कानाला हेडसेट. बसल्याबरोबर ऑक्सिजनचा मास्क कुठून ओढायचा आणि प्रसंग आला तर बाहेर कसं पडायचं, हे कॅप्टन किंवा फर्स्ट ऑफिसर समजावून सांगतात. मी स्वतः तेच विमान उडवत असलो तरी सांगतात, आणि मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकतो. १०,००० फुटांच्या खाली कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम त्या दोघांना आहे, तसाच मलाही.

तिथवर पोहोचायची रीत अशी. गेटवर लवकर जायचं, पण तिथल्या कर्मचाऱ्याच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. तिकीट काढलेल्या प्रवाशांचं काम आधी. मग कंपनीचं ओळखपत्र, पायलटचं लायसन्स आणि मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र, दाखवायचं. ‘कॅस’ नावाच्या संगणकीय यंत्रणेत माझा फोटो उघडतो आणि मी आजच्या तारखेला खरोखर नोकरीत आहे का, हे त्या कर्मचाऱ्याला दिसतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसणं बंदच झालं होतं, ते या यंत्रणेमुळे पुन्हा सुरू झालं. रांगेत त्या कंपनीचे स्वतःचे पायलट आधी, आम्ही बाहेरचे नंतर. आणि सगळ्यात शेवटी, विमानात पाऊल ठेवल्यावर, कॅप्टनला स्वतः भेटून विचारायचं: ‘कॅप्टन, मी अमुक कंपनीचा, न्यूअर्कपर्यंत न्याल का?’ गेटवरून होकार मिळाला तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा.

हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका कॅप्टननी शिकवलं. गेटवरच्या बाईंनी मला केबिनमधली २३बी दिली होती. केबिनचीच तर सीट आहे, आता कॅप्टनना काय त्रास द्यायचा, अशा विचाराने मी सरळ मागे जाऊन बसलो, पट्टा लावला, डोळे मिटले. पाचेक मिनिटांनी कोणीतरी खांद्याला हात लावला. पाहतो तर कॅप्टन स्वतः उभे होते. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘मागच्या सीटवर बसलास तरी तू माझा पाहुणा आहेस. माझ्या विमानात कोणता पायलट बसलाय हे मला दाराशी कळायला हवं, कागदावरून नाही.’ मी उठलो, त्यांच्यामागून पुढे गेलो, हात पुढे केला, नाव सांगितलं, माफी मागितली. त्यांनी माझं लायसन्स पाहिलं. त्याहून जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘जा, झोप आता.’

ती नजर कशासाठी होती, हे कळायला मला वेळ लागला. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या मालवाहू विमानात जंपसीटवर बसून आलेल्या त्यांच्याच एका सहकाऱ्याने तिघा वैमानिकांवर हातोड्यांनी हल्ला केला. डोकी फुटलेल्या त्या तिघांनी त्याच्याशी झुंजत विमान मेम्फिसला परत उतरवलं. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवरच्या ड्युटीवर नसलेल्या पायलटने दोन्ही इंजिनं बंद पाडणारी हँडल ओढायचा प्रयत्न केला. वैमानिकांनी त्याला आवरलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. दोन्ही वेळी आत बसलेला माणूस रीतसर परवानगी घेऊनच बसला होता. दाराशी एका मिनिटात माणूस पुरता ओळखता येतो, असा माझा दावा नाही. २०२३ च्या वैमानिकांनाही त्याच्याशी बोलताना आधी काही वावगं जाणवलं नव्हतं. पण कॅप्टनच्या हातात तेवढं एकच मिनिट असतं. जो तेही न देता मागे जाऊन बसतो, तो त्यांच्या हातातलं शेवटचं साधन काढून घेतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवणाऱ्या, वरखाली करणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली निकामी झाल्या. डेनी फिच हे त्याच कंपनीत डीसी-१० शिकवणारे पायलट. त्या दिवशी ते प्रवासी म्हणून घरी चालले होते. त्यांनी मदतीची तयारी दाखवली, कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेतलं आणि फिच यांनी उरलेल्या इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमीजास्त करणारे दांडे, हाती धरले. आयोवातल्या सू सिटीला ते विमान कोसळलं, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. फिच आपणहून पुढे झाले, पण आत शिरले ते कॅप्टननी बोलावल्यावरच. मला त्यांचं हे वागणं त्यांच्या कौशल्याइतकंच मोठं वाटतं. म्हणून पाहुणा म्हणून बसलो तरी मी फोन बंद ठेवतो आणि डोळे उघडे. बाहेर दुसरं विमान दिसलं, एखादा आकडा चुकल्यासारखा वाटला, तर बोलतो. लँडिंग कसं झालं यावर मात्र कधीच बोलत नाही.

कम्यूट करण्यात, म्हणजे असं दुसऱ्या शहरातून कामावर येण्यात, सगळंच गोड नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअर या कंपनीचं विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून न्यूअर्कला आली होती. अपघाताचं मुख्य कारण धोक्याच्या इशाऱ्यावर कॅप्टनने दिलेली चुकीची प्रतिक्रिया हे ठरलं. पण आजही न्यूअर्कला रात्रभराचा प्रवास करून कोणी ड्युटीवर आलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. मी आदल्या दिवशीच जातो आणि रात्र बेसवर काढतो.

गेल्या हिवाळ्यातला एक दिवस सांगतो. न्यूअर्कला बर्फ पडत होता, त्यामुळे विमानात जादा इंधन भरलेलं आणि वजनाची मर्यादा गाठलेली. कॅप्टननी कागद दोनदा तपासला आणि म्हणाले, ‘आज नाही जमणार.’ मी ‘थँक यू, कॅप्टन’ म्हणालो आणि बॅग उचलून बाहेर पडलो. दार बंद होताना काचेतून पाहत उभा राहिलो. तिकीट काढलेला एकही प्रवासी माझ्यासाठी त्या दिवशी उतरला नाही, आणि कधीच उतरत नाही. पुढच्या विमानाला केबिनमध्ये एकच सीट उरली होती आणि माझ्यामागे एका कर्मचाऱ्याची आई उभी होती, हातात मोठी पर्स घट्ट धरून. मी कॅप्टनना विचारून जंपसीटवर बसलो, त्यांना सीट मिळाली. आम्हा पायलटांत हे इतकं ठरलेलं आहे की त्यासाठी कोणी कोणाचे आभारही मानत नाही. त्या बाईंनी मात्र उतरताना कॉकपिटच्या दाराशी थांबून हात जोडले.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या काकांना एवढंच सांगायचं आहे: तुम्ही पाहिलेला तो पायलट आत जाण्याआधी दाराशी थांबला होता ना? तो तिथे ‘न्याल का?’ असं विचारत होता, आणि समोरचे ‘नाही’ म्हणाले असते तर तसाच मागे फिरला असता. परवा पहाटे मलाही न्यूअर्कला जायचं आहे. आत्ताच पाहिलं, विमान भरलेलं आहे आणि जंपसीटसाठी माझ्याआधी एकाचं नाव लागलेलं आहे.

आपला,
एक कम्यूटर पायलट, रॅले
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)