विनिपेगहून, मे महिन्याची वाट बघत

विनिपेग, कॅनडा, 18 जानेवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई चारदा म्हणाली, "आवाज बसलाय." बसलेला नाही. घरात हीटर चोवीस तास चालू असतो, त्याने घसा सुकतो, एवढंच. कानटोपी घालते, डबा रोज नेते. बाहेर उणे 26 असलं तरी बसस्टॉपला काचेची खोली आहे आणि दहा मिनिटंच थांबावं लागतं. तेव्हा बाबा, बातम्यांत इथला बर्फ बघून रात्री जागत बसू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून चमत्कारिक वाटते. रात्री लोक गाडी विजेला लावून झोपतात. गाडी पेट्रोलवरचीच, बॅटरीवरची नव्हे! पुढच्या जाळीतून एक छोटी वायर लोंबत असते, तिच्या टोकाला प्लग. इंजिनाला आतून हीटर बसवलेला असतो, ब्लॉक हीटर म्हणतात त्याला. थंडीत इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि सकाळी गाडी चालूच होत नाही, म्हणून काही तास आधीपासून इंजिन कोमट करायचं. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा गाड्यांच्या जागेसमोर खांब आणि खांबावर सॉकेट. बाबांना आवडेल म्हणून सगळं लिहिलं.

तर त्या काचेच्या खोलीत उभी राहून मी रोज मे महिन्यात जाऊन येते. क्रॉफर्ड मार्केटात बाबा पेटीतलं गवत बाजूला सारून आंब्याचा देठापाशी वास घेतायत, मी मागे पिशवी धरून. मग समोरच बादशाहकडे फालुदा. दुसऱ्या दिवशी दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष दोन. एका पहाटे भाऊचा धक्का, तोही महिना संपायच्या आत, कारण 1 जूनपासून मासेमारी बंद आणि मला सुरमई ताजीच हवी. कोपऱ्यावर ताडगोळे. साल अंगठ्याने सोलताना आतलं पाणी मनगटावर ओघळतं ना, ते मला इथे हातमोज्याच्या आत जाणवतं, खोटं नाही सांगत. आणि दुपारी आईचं पन्हं, गुळाचं, वेलदोडा तेव्हाच कुटलेला. माठातल्या पाण्यातलं कर गं, बर्फ नको.

धाकटीने मला सांगितलंय. गेल्या मेमध्ये मी येणार म्हणून शेवटची पेटी तुम्ही पलंगाखाली ठेवलीत, रोज आंबे खालीवर केलेत, आणि मी आलेच नाही. निम्मे डागाळले. तुम्ही दोघं मला एका शब्दाने बोलला नाहीत. बाबा, रजा खरंच मिळाली नव्हती.

बिल्डिंगच्या दुरुस्तीचा दुसरा हप्ता, 50 हजार, पाठवलाय. पासबुक भरून आणा. त्यामुळे तिकीट अजून काढलेलं नाही, फेब्रुवारीच्या पगारावर काढते. मला काही कमी पडत नाही, पैसे परत पाठवायचं मनातसुद्धा आणू नका.

मावशीने आणलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो. नाही म्हणत नाही, पण व्हिडिओवर नको, आले की भेटेन. मावशी दुखावणार नाही अशा बेताने तूच सांग, आई. आणि धाकटीचं कुठे जुळत असेल तर माझ्यापायी तिला थांबवू नका. मनापासून सांगतेय.

तुमची,
मोठी

ता. क. आंबे यंदा एप्रिलपासूनच खायला लागा. माझ्यासाठी पेटी ठेवू नका. ठेवायचेच तर चार ठेवा, कच्चे.